खुलासा : 'अल्पसंख्याक कॉलेजांना अमेरिकेचं संगणक अनुदान'

'अमेरिकेची नॅशनल सायन्स फाउंडेशन अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना संगणक संशोधनासाठी अनुदान देते, आपल्याकडची अल्पसंख्याक कॉलेजंही पात्र, नोंदणी फी भरा' असा मेसेज फिरतोय. ही फाउंडेशन म्हणजे संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारची संस्था. मूळ कार्यक्रम खरा होता, मेसेजमधला अर्थ चुकीचा आहे.

घोळ 'अल्पसंख्याक' या शब्दाचा. आपल्याकडे धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांच्या संस्थांना संविधानाच्या कलम ३० खाली दर्जा मिळतो. अमेरिकेतल्या व्याख्या निराळ्या: १९६४ पूर्वी कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली कॉलेजं (उदा. हॉवर्ड विद्यापीठ), डिने कॉलेजसारखी आदिवासी कॉलेजं, आणि किमान २५ टक्के पदवी विद्यार्थी (अर्धवेळवाले पूर्णवेळाच्या प्रमाणात मोजून) हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे, असलेल्या संस्था. आपलं अल्पसंख्याक प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात जात नाही. प्राध्यापक प्रस्ताव लिहितो आणि विद्यापीठाचं अनुदान कार्यालय तो फाउंडेशनच्या रिसर्च डॉट गव्ह या वेबसाइटवर दाखल करतं. त्याआधी संस्थेची सॅम डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या वेबसाइटवर नोंदणी आणि यूईआय हा संस्थेचा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लागतो. नोंदणी वेळेत झाली नाही तर चांगला प्रस्तावही अडकतो. फी कुठल्याच टप्प्यावर नाही. मागितली तर फसवणूक समजा.

अशा अमेरिकी विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी मुलांनी प्राध्यापकाला थेट विचारावं, प्रकल्पाच्या बजेटमध्ये संशोधन सहायकाची जागा असू शकते. मात्र आरईयू हा पदवी विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्यासाठीचा पूरक निधी फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांना मिळतो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नाही.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.