लकब कोणाची, लेखकाची की पात्राची?

सप्रेम नमस्कार.

कथा-कादंबऱ्यांच्या लेखनशैलीत वाचकाला काय खटकते, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपले आक्षेप मला समजले ते असे : वैयक्तिक आवडीनिवडीला मी नियमाचे रूप दिले, माझे निकष लावले तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’सुद्धा नापास होईल, आणि ग्रामीण संवादांविषयीची माझी तक्रार ही बोली समजून घेण्याचे कष्ट टाळणाऱ्या शहरी वाचकाची तक्रार आहे.

‘कोसला’पासून सुरुवात करतो. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की दुसऱ्या एखाद्या हस्तलिखितात संपादकाने त्यांवर सरसकट काट मारली असती. मात्र येथे बोलतो आहे तो पांडुरंग सांगवीकर. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, शिक्षण अर्धवट राहून गावी परतलेला आणि कोणत्याही गोष्टीला पुरते महत्त्व द्यायला तयार नसलेला हा तरुण स्वतःच्याच म्हणण्याला ‘वगैरे’ जोडतो, तेव्हा तो शब्द त्याच्या स्वभावातून आलेला असतो. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा या बेफिकीर सुराला ते दुःख पेलत नाही, आणि त्या पानांचा परिणाम इतका खोल होतो तो आधीच्या पानांत आपल्याला त्या सुराची सवय झालेली असते म्हणूनच. माझा आक्षेप आहे तो ज्या लकबीला कथेत कोणी धनीच नाही, अशा लकबीवर. निवेदक तृतीयपुरुषी, नायिका बँकेत अधिकारी, विषय वडिलांच्या आजारपणाचा, आणि तरीही दर परिच्छेदात एक ‘वगैरे’ : हे वगैरे कोण म्हणते आहे?

टिंबांचेही तसेच. ‘ती खिडकीशी गेली... बाहेर पाऊस... आणि मनात... खूप काही...’ असे वाक्य घ्या. अडखळत बोलणाऱ्या, धाप लागलेल्या किंवा काही लपवू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी टिंबे आली तर ती मी आनंदाने वाचतो. या वाक्यात मात्र निवेदकालाच धाप लागली आहे, आणि त्याला तसे काही कारण नाही. ‘खूप काही’ म्हणजे नेमके काय, हे शोधणे लेखकाचे काम होते; ते त्याने टिंबांच्या आड वाचकाकडे सरकवले आहे.

आता बोलीविषयी. येथे आपला गैरसमज झाला आहे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदन प्रमाण भाषेत आहे, कारण सांगणारा शिकलेला तरुण मास्तर आहे, धनगर मात्र आपल्या माणदेशी बोलीतच बोलतात. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) निवेदनही बोलीत आहे, कारण शेतावर राबणारा नारबा स्वतःच आपले जगणे सांगतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडी बोलते आणि तिच्या तोंडी प्रमाण मराठी घातली असती, तर तिचा कणखरपणा निम्मा झाला असता. या तिन्ही कादंबऱ्यांत एखादा शब्द अडला तरी मी पुढे जातो, कारण तो शब्द त्या माणसाचा आहे याची खात्री असते. मला चीड येते ती ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘म्या’, ‘जी’ यांची फोडणी दिलेल्या त्या संवादांची, जे नांदेडच्या मजुराच्या, वर्ध्याच्या म्हातारीच्या आणि कोल्हापूरच्या पैलवानाच्या तोंडी अगदी एकसारखे येतात. वर्ध्याची म्हातारी ‘मले’, ‘तुले’ म्हणेल, तिचे ‘डोळे’ ‘डोये’ होतील. कोल्हापूरकडच्या खेड्यांत बायकाही ‘जाते’, ‘आले’ऐवजी ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे सहज बोलतात. हे ज्याने कानांनी ऐकले आहे, त्याला पात्र कुठले हे दाखवायला एवढा एकच प्रयोग पुरतो. आणि सरसकट ‘ग्रामीण’ संवाद वाचून सर्वांत आधी दुखावतो तो त्या त्या गावचा वाचक. शहरी वाचकाला अनेकदा ती लबाडी कळतही नाही.

आवडीनिवडीच्या आक्षेपापुरते आपले म्हणणे मला अंशतः मान्य आहे. वर्तमानकाळी निवेदन, दोन-दोन पानांचे परिच्छेद, शीर्षकाविना प्रकरणे या गोष्टी मला आवडत नाहीत, एवढेच. त्यांवरून मी कोणत्याही लेखकाला दोष देणार नाही. पण एकाच परिच्छेदात निवेदकाने विनाकारण आधी ‘त्याने दार उघडले’ आणि लगेच ‘त्यानं दिवा लावला’ असे लिहिले, तर तो मात्र मी दोषच मानतो. बोलण्यातली अनुस्वारयुक्त रूपे कथा-कादंबऱ्यांच्या लेखनातही रूढ झाली आहेत, त्यामुळे दोन्ही वाटा खुल्या आहेत. निवेदकाने त्यांतली एक निवडावी, कारण तो घरातल्या माणसासारखा बोलतो आहे की लिहून सांगतो आहे, हे वाचकाला त्यावरूनच कळते.

बोलीतील शब्दांचे अर्थ पुस्तकात द्यावेत का, असेही आपण विचारले आहे. वऱ्हाडी ‘काहून’चा (म्हणजे ‘का’चा) अर्थ देण्याची गरज नाही, समोर रडणारे पोर असले की तो आपोआप कळतो. पण बैलांकडून विहिरीचे पाणी काढणाऱ्या मोटेचा नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द आज शेतकऱ्याच्या नातवालाही कळतील असे नाही, कारण मोटच गेली. अशा शब्दांची यादी पुस्तकाच्या शेवटी जरूर द्यावी. पानाच्या तळाशी मात्र देऊ नये. दोन माणसे बोलत असताना वाचकाची नजर खाली गेली की संवादाचा सूर तुटतो, आणि बोली तर सगळी त्या सुरावरच उभी असते.