पूर्वजांच्या तारखांशेजारी जगाचा इतिहास लिहून भागत नाही

सध्या एक सल्ला सगळीकडे फॉरवर्ड होतोय, की पूर्वजाच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या तारखा घ्या, शेजारी त्या वर्षीच्या मोठ्या घटना लिहा, की त्याचं आयुष्य कळलंच. वंशावळीचं काम मनापासून करणारे लोक यामुळे चुकीच्या वाटेला लागतायत म्हणून त्यामागचे चार ठोकताळे एकेक करून घेतोय.

"घटना घडली ती तारीख पकडायची." का बरं? लिंकनची गुलाममुक्तीची घोषणा 1 जानेवारी 1863 ची, पण टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनला सैन्याने येऊन ती जाहीर केली 19 जून 1865 ला. तिथल्या गुलाम पूर्वजापुढे तुम्ही "1863, मुक्त" लिहिलंत तर त्याची अडीच वर्षांची गुलामी तुम्ही एका ओळीत पुसून टाकली, आणि हे मला खरंच सहन होत नाही.

"नोंदीतली तारीख आहे तशी घ्यायची." इंग्लंडमध्ये 1752 च्या आधी वर्ष सुरू व्हायचं 25 मार्चला, त्यामुळे चर्चच्या जुन्या रजिस्टरात लग्न एप्रिल 1745 आणि त्याच माणसाचं दफन फेब्रुवारी 1745 असं दिसू शकतं, आणि लोक लगेच म्हणतात की हा कोणीतरी दुसराच, काढून टाका. अहो तोच आहे तो! आपल्या हिशोबाने तो फेब्रुवारी 1746 चा. शिवाय 1752 ला तिथे कॅलेंडरच बदललं आणि 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला, रशियात असाच बदल 1918 ला झाला, म्हणजे देश बघितल्याशिवाय तारखेला हातच लावायचा नाही.

"सरासरी आयुर्मान 40, म्हणजे चाळिशीत म्हातारा." साफ चूक. 1840 च्या सुमारास इंग्लंडमध्ये हजारातली दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आतच जायची, सरासरी त्याने खाली येते. विशी गाठलेला माणूस सरासरी साठीपर्यंत जगायचा.

"1918 ला तरुण वारला म्हणजे महायुद्धात गेला." असेलही, पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची सगळ्यात भयंकर लाट होती आणि तिने 20 ते 40 वयाचे धडधाकट लोकच जास्त नेले, सैनिकसुद्धा. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाचा रकाना असतो, आधी तो वाचा आणि मगच युद्धाचं नाव लिहा.