पहिली पातळी संपेपर्यंत दुसरी नाही, हा हट्ट कशासाठी?

एका चाकाची सायकल शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंटरनॅशनल युनिसायकलिंग फेडरेशन या एकचाकीच्या जागतिक संघटनेच्या १० पातळ्या, म्हणजे कौशल्याच्या चढत्या परीक्षा, क्रमानेच करा. एक पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या पातळीतलं काहीही करू देऊ नका. क्रम मोडला की चुकीच्या सवयी लागतात, मुलं जखमी होतात. आणि या पातळ्या न केलेला स्वार कच्चाच समजा.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेच्या पटांगणावर मी मुलांना एकचाकी शिकवतो. हा मजकूर वाचून काही आईवडिलांनी मुलांना "आधी पहिली पातळी, बाकी काही नाही" असं बजावून पाठवलं. त्यामुळे त्याला उत्तर द्यायलाच हवं.

"सुरुवात पहिल्या पातळीपासून करा." पहिल्या पातळीत काय आहे ते बघा. कशाचाही आधार न घेता चढायचं, ५० मीटर जायचं आणि सायकल पुढे धरून नीट उतरायचं. नवशिक्याच्या दृष्टीने सगळ्यात कठीण भाग ओलांडून झाल्यावरची ही परीक्षा आहे. भिंत धरून सीटवर बसणं, पायडल आडवी ठेवून स्थिर राहणं, एक हात सोडणं, मग चाकाचा अर्धा फेरा, मग पूर्ण फेरा, मग भिंतच सोडून देणं, यातच त्याचे सुरुवातीचे सगळे दिवस जातात. पहिल्या पातळीत यातलं काहीच लिहिलेलं नाही.

शिवाय तिथे चढणं आधी आहे आणि चालवणं नंतर. प्रत्यक्षात बहुतेक मुलांचं उलटं होतं, आणि त्याला कारण आहे. एकचाकीत पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेली असते, मोकळी फिरत नाही. चढताना मागची पायडल दाबली की चाक मागे सरकून अंगावर येतं. ती न दाबता वर जायचं तर अंगाचा भार सीटवर सोडता आला पाहिजे, आणि तो विश्वास थोडंफार चालवल्यावरच येतो. आमच्याकडचा एक मुलगा झेंड्याचा ओटा धरून बसतो आणि पटांगणाच्या पार टोकापर्यंत जातो. त्याला थांबवायला गेलो तर म्हणाला, "काका, चढता नाही येत मले, पण चालवता येते ना!" त्याचं खरं आहे. आपण सगळे साधी सायकल आधी कैची, मग दांडी, मग सीट अशी शिकलो. तो क्रम कुणी लिहून दिलेला नव्हता. सायकल मोठी आणि पाय आखूड, म्हणून तो पडला. ज्याचे पाय पुरत होते तो थेट सीटवर बसला आणि त्याचं काही बिघडलं नाही.

"क्रम मोडला की चुकीच्या सवयी लागतात." सवयी बिघडतात त्या वेगळ्याच गोष्टींनी. सीट फार खाली ठेवली की गुडघे वाकलेले राहतात आणि मांड्या लवकर भरून येतात. पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सगळं वजन पायडलवर टाकून उभं राहणं ही दुसरी सवय, नजर पुढे न ठेवता चाकाकडे बघणं ही तिसरी. पातळ्या काटेकोर पाळूनही या तिन्ही लागतात.

उलट, क्रमाला चिकटून राहिल्याने आमच्याकडे नुकसानच होतं. १५ सेंटिमीटर उंचीवरून खाली उतरणं हे दुसऱ्या पातळीत येतं. आमच्या गावात मूल पटांगणाच्या बाहेर पडलं की सिमेंट रस्त्याची कड संपते आणि खाली मुरूम लागतो, तोही सगळीकडे सारख्या उंचीवर नाही. पुढे काळ्या मातीची पांदण, उन्हाळ्यात भेगाळलेली. गावात चालवायचं तर ते उतरणं पहिल्या आठवड्यातच शिकवावं लागतं, मग चढणं येवो अथवा न येवो.

"मुलं जखमी होतात." ही काळजी मला मनापासून पटते, पण तिचा उपाय क्रमात नाही. शिकताना वेग चालण्याइतका असतो. पडणारं मूल बहुतेक वेळा पायांवरच येतं, आणि तोल फारच गेला तर तळहात टेकतं. म्हणून हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे हवेत, बुटाच्या लेस आत खोचलेल्या हव्यात, आणि मे महिन्यात सकाळी ऊन चढायच्या आत सराव संपलेला हवा. याहून मोठा धोका सायकलीच्या जोडणीत असतो, आणि त्या मजकुरात त्याबद्दल एक अक्षर नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सीट उलट्या दिशेने बसली तर डावी पायडल उजवीकडे जाते, चालवता चालवता सैल होत येते आणि शेवटी क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसते त्याचे, आटे खाऊन निखळते. पायडलवर सहसा एल आणि आर अशी अक्षरं असतात, ती बघून घ्या. आणि पहिले काही दिवस पाना हाताशी ठेवा. जुन्या सायकलीचं मागचं चाक कापून बनवलेली एकचाकी तर नवशिक्याला देऊच नका, कारण फ्रीव्हील असलेल्या चाकावर मागे दाबून वेग आवरता येत नाही.

त्या मजकुरातली एक गोष्ट मात्र मी आनंदाने घेतो. या पातळ्या दोन्ही बाजू मागतात: डाव्या पायानेही चढा आणि उजव्यानेही, आठचा आकार काढा म्हणजे दोन्हीकडे वळणं आलंच. मुलाला मोकळं सोडलं तर ते जिकडे सोपं जातं तिकडेच वळत राहतं आणि दुसरी बाजू कच्ची राहते. जिथे शिकवणारा नाही, जिल्ह्याच्या गावाला जाऊन विचारावं असंही कुणी नाही, तिथे आता पुढे काय करून बघायचं हे सांगणारी अशी यादी मोलाची आहे. मी ती शाळेच्या भिंतीवर लावली आहे. मुलं त्यातलं हवं ते, हवं तेव्हा उचलतात, आणि जमलं की समोर खूण करतात.

"पातळ्या न केलेला स्वार कच्चा." हे तर अजिबात मान्य नाही. या पातळ्यांचा ओढा कसरतीकडे आहे: एका पायाने चालवणं, मागे चालवणं, चढण्याचे नाना प्रकार. लांब अंतर, चढाव, खडबडीत वाट यांची परीक्षा त्यात होत नाही. क्रिस होम या कॅनडाच्या स्वाराने एकचाकी डोंगरात नेली आणि त्या प्रकाराला जगभर ओळख मिळवून दिली. त्याची ताकद या यादीने कशी मोजणार? फेडरेशनच्याच स्पर्धांमध्ये १०० मीटरची धाव आहे, तशीच जो सगळ्यात हळू जाईल तो जिंकेल अशी १० मीटरची शर्यतही आहे. हळू सायकलीची शर्यत आमच्या गावाला नवीन नाही, २६ जानेवारीला ती होतेच. यंदा एकचाकीवाल्यांसाठी तिथे वेगळी पट्टी आखणार आहोत, आणि ओटा धरून बसणाऱ्यालाही त्यात उतरता येईल.