ट्रक होता, पीच नव्हते
अमेरिकेतल्या ऑलमन ब्रदर्स बँड या रॉक बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन पीच या फळांनी भरलेल्या ट्रकवर आदळून मेला, म्हणून बँडच्या अल्बमचं नाव ‘ईट अ पीच’ (पीच खा), असं पुन्हा फिरतंय. साफ चूक. २९ ऑक्टोबर १९७१ला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात त्याची मोटरसायकल धडकली ती लाकडाचे ओंडके उचलायची क्रेन वाहणाऱ्या ट्रकशी. पोरगा जेमतेम २४ वर्षांचा. नाव आलं त्याच्याच मुलाखतीतून: क्रांतीसाठी काय करतोस, यावर तो म्हणाला होता की जॉर्जियात आलो की शांततेसाठी एक पीच खातो. आता १९७२च्या त्या अल्बमच्या मुखपृष्ठावरच ट्रकवर लादलेलं अवाढव्य पीच आहे, मग घोळ होणारच म्हणा! वर्षभराने बेस वाजवणारा बेरी ओकलीही तिथून जवळच मोटरसायकल अपघातात गेला, ते मात्र खरं.