गुणांइतकंच कामही पाहिलं जातं
डीएएडी, म्हणजे जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या पुरस्कारावरचा हा लेख वाचून फार आनंद झाला. जर्मनीतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी मुलांचं असं कौतुक व्हायलाच हवं. लेखात १००० युरोंच्या रकमेवर भर आहे, निकषांना मात्र एकच ओळ मिळाली. मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसते चांगले गुण इथे पुरत नाहीत. नव्या विद्यार्थ्यांना मदत, निर्वासितांना भाषा शिकवणं, विद्यार्थी परिषदेतलं काम, असं काहीतरी लोकांसाठी केलेलं असावं लागतं. विजेता कोण, हे विद्यापीठ स्वतःच ठरवतं.

आणि ही मुलं ते कशातून करतात बघा! व्हिसासाठी बहुतेकांना वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात, अनेकांच्या घरी त्यासाठी कर्ज काढलेलं असतं. वर अर्धवेळ नोकरी, परक्या भाषेतली कागदपत्रं, हिवाळा. त्यातून दुसऱ्यासाठी वेळ काढणाऱ्यांना मनापासून सलाम.

आज तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. आपली मुलं बरेचदा आपल्याच घोळक्यात राहतात. समजू शकते मी, घरची आठवण येते. पण पहिल्या सत्रापासूनच जर्मन शिका, गावातल्या एखाद्या संस्थेत जा.

लेखकांना एक विनंती, पुढच्या वेळी डॉइचलांडश्टिपेंडियुम या शिष्यवृत्तीबद्दल जरूर लिहा. महिना ३०० युरो, निम्मे सरकारचे, निम्मे खासगी देणगीदारांचे, आणि नागरिकत्वाची अट नाही. त्यासाठी साधारणपणे विद्यार्थ्याने स्वतःच अर्ज करायचा असतो, आणि हेच अनेकांना माहीत नसतं.