आठ आणि नऊमधली भिंत

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, तिथून क्रूझ, आणि जहाजावरच्या किड्स क्लबच्या (पोरांच्या खेळघराच्या) दारात पोरांची वयानुसार फाळणी! ६ ते ८ इकडं, ९ ते ११ तिकडं. आमचा बारका आठचा, त्याची आत्तेबहीण नऊची. सोलापुरात दोघं एका ताटात जेवतात, गड्ड्याच्या जत्रेत एकाच पाळण्यात बसतात. इथं जन्मतारीख बघून वेगळ्या खोल्या. हा रडून लाल, ती रुसलेली, आणि आम्ही पैसे मोजून दोन दारांवर पहारेकरी. तीन वर्षांचं लेकरू अकराच्या दांडगटांत नको, कबूल. पण आठ-नऊत असा काय फरक पडतो ओ? दर वेळी तेच गोड हसू: 'सॉरी सर, पॉलिसी आहे.' बरं, त्याला वर घेत नाही ना, मग तिला तरी खाली बसू द्या की! तेही नाही.