फळ्यावर फूल काढून देऊ नका

परवा दुसरीच्या वर्गात भेंडीचे ठसे केले आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय. भेंडी कोवळी नाही घ्यायची, जून झालेली घ्यायची, बाजार उठताना भाजीवाल्या मावशी ती अशीच देऊन टाकतात. आदल्या रात्री कापून कागदावर पसरून ठेवायची, कारण ताजी कापली की चिकट पाणी सुटतं आणि रंग धरतच नाही. ताटलीत ओला स्पंज, त्यावर पोस्टर कलर, झालं स्टॅम्पपॅड. ३१ मुलं, चार ताटल्या आणि खाली अंथरायला रद्दी पेपर, एवढीच तयारी.

आता भेंडीच्या चकतीचा ठसा म्हणजे पाच पाकळ्यांचं फूल, हे आपण मोठ्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं. मी मुद्दाम काही सांगितलं नाही, फळ्यावर नमुनाही काढला नाही. बऱ्याच जणांनी फुलंच केली. पण एका पोरीने कागदाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ओळ उठवली, एक ठसा इकडे एक तिकडे, आणि भेंडी परत रंगात बुडवलीच नाही, त्यामुळे पुढे पुढे ठसे फिके होत गेले. म्हटलं हे काय गं? तर म्हणाली, "बाई, कुत्रं चिखलातनं आलंय. आता त्याचं पाय सुकाय लागल्यात."

सात वर्षांची पोर आहे ही. वाचताना अजून जोडाक्षराला अडखळते. आणि रंग संपत जाणं म्हणजे चिखल सुकत जाणं हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिने ते अंगणात बघितलंय आणि हातात भेंडी आल्यावर तिला ते आठवलं.

पूर्वी मीही फळ्यावर चित्र काढून द्यायचे. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि नारळ. सगळी वर्षानुवर्षं तेच काढायची आणि मी "छान" लिहून सही करायचे. आमच्या गावात नदी नाही, नारळ तर नाहीच नाही, ओढा आहे आणि बाभळी आहेत. बाभूळ कुणीच काढत नव्हतं कारण मी ती कधी फळ्यावर काढली नव्हती! याचं मला आजही वाईट वाटतं. त्या मुलांच्या डोळ्यासमोरचं गाव मीच पुसलं असं वाटतं.

म्हणून माझं सगळ्या शिक्षकांना आणि पालकांना एकच म्हणणं आहे, सामान द्या, हात कसा चालवायचा ते दाखवा, पण शेवटी काय झालं पाहिजे ते दाखवू नका. ३१ कागद एकसारखे आले तर तो तास वाया गेला असं खुशाल समजा.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आधी आम्ही मातीचे बैल करायला माती आणतो. चिकणमाती चाळायची, खडे काढायचे, तिंबून ओल्या गोणपाटात रात्रभर ठेवायची. बैलाची शिंगं वाळताना तडकतात, म्हणून आत खराट्याची काडी घालायची, ही युक्ती मला एका चौथीतल्या मुलानेच दाखवली, त्याच्या आजोबांची. हा मुलगा गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसतो, आणि बैल करताना शेजारच्याला सांगत होता की वशिंड मागं नाही, पुढं खांद्यावर असतं, जू कुठं ठेवशील मग? त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त माहिती त्यालाच होती आणि सगळी त्याच्या बाकाभोवती जमली होती.

लोक म्हणतात कलाशिक्षक नाही, मग कसं करणार. खरंय, नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक आहे, पण तो सहावी ते आठवीला आणि तेही पट १०० च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीचं काय? तिथे वर्गशिक्षकच सगळं. त्यामुळे चित्रकलेचा तास हा गणिताचा राहिलेला भाग उरकायचा तास होऊन बसतो. पण पानाचा ठसा घ्यायला कलाशिक्षक लागत नाही हो. पिंपळाचं पान शिरांची बाजू वर करून ठेवा, वर पातळ कागद ठेवा, वॅक्स क्रेयॉन आडवा धरून घासा, एकेक शीर वर येते आणि अख्खा वर्ग श्वास रोखून बघत असतो.

वारलीबद्दलही बोलायचंय. हल्ली प्रत्येक शाळेच्या भिंतीवर तारपा नाच, म्हणजे तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं असतात, नेटवरून उतरवलेली. ही पालघर भागातल्या वारली लोकांची कला, तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर काढायची, लग्नाचा चौक बायका काढायच्या. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. हे मुलांना आधी सांगा ना. आणि मग म्हणा, त्यांनी त्यांचं गाव काढलं, तुम्ही तुमचं काढा. आमच्या मुलांनी दूध डेअरीची रांग काढली, कॅन घेऊन उभी असलेली माणसं, आणि एकाने ट्रॅक्टरही.

आणि ते रेडीमेड प्रोजेक्ट बंद करा, कळकळीने सांगते. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तरी स्टेशनरीच्या दुकानात प्रोजेक्टचं सामान म्हणून तेच मागायला लोक येतात, मग रात्री ११ वाजेपर्यंत आई चिकटवते, बाबा कापतात, आणि ज्याचा प्रोजेक्ट तो झोपलेला असतो. सकाळी शाळेत पहिला नंबर कुणाचा, तर ज्याच्या घरी वेळ आणि पैसा त्याचा. ज्याची आई पहाटे ऊसतोडीला जाते त्याने काय करायचं? त्यापेक्षा वर्गातच, सगळ्यांना सारखं सामान, एक तास, जे होईल ते होईल.

पुढच्या आठवड्यात फाडून चिकटवायचं कोलाज आहे. कात्री नाही, बोटांनीच फाडायचं, फाटलेली कड फार सुंदर दिसते. डिंकाऐवजी मैद्याची खळ घरून शिजवून नेणार आहे. कागद मात्र भरपूर लागतील, जाड आणि रंगीत. जुन्या लग्नपत्रिका यासाठी एक नंबर, लाल, पिवळ्या, सोनेरी सगळं त्यात असतं. लगीनसराई आत्ताच संपलीय, तुमच्या कपाटावर गठ्ठा पडला असेल. रद्दीत घालू नका, जवळच्या कुठल्याही शाळेत पहिली-दुसरीच्या बाईंकडे नेऊन द्या.